मधल्या खोलीतली झोप

चाचा, मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा पाहुणी झाले. सगळा जन्म दुसऱ्यांच्या गाद्यांवर चादरी घालण्यात गेला आणि आता ऐंशीच्या घरात आल्यावर कुणीतरी माझ्यासाठी चादर घातली. माझ्या भाच्याचा मुलगा हैदराबादला एका मोठ्या हॉटेलात व्यवस्थापक आहे. कुण्या उमरावाची जुनी कोठी आहे ती, आता तिथं परदेशातले लोक येऊन राहतात. तो मला हट्टानं घेऊन गेला. म्हणाला, आजी, दोन दिवस नुसतं बसायचं, कशाला हात लावायचा नाही. दारात फेटा बांधलेल्या माणसानं वाकून सलाम केला, एका पोरीनं चिमट्यात धरून गार ओला रुमाल दिला. मला हसू आलं. नळदुर्गच्या सरकारी डाकबंगल्यावर खानसामा असताना तुम्ही माठाच्या पाण्यात पिळलेला पंचा द्यायचात, तेव्हा त्याला कुणी कौतुकानं बघायचं नाही. संध्याकाळी पोरानं मला त्यांची नियमांची पुस्तिका दाखवली. पाहुणा किती पावलांवर आला की हसायचं, किती घंटांच्या आत फोन उचलायचा, सगळं छापलेलं. मी विचारलं, आपल्याला घेऊन आलेला ड्रायव्हर जेवला का? म्हणाला, मागं त्यांची वेगळी सोय आहे. मी विचारलं, आपल्या आधी जेवला की नंतर? ते त्याला माहीत नव्हतं. चाचा, तुमच्या हाताखाली हा पोरगा चार दिवस टिकला नसता.

तो गेल्यावर मी दार लावलं, चपला काढल्या आणि त्या भल्यामोठ्या पलंगावर उताणी पडले, डोळे उघडे ठेवून, तुम्ही शिकवलं होतं तसं. छत स्वच्छ होतं. पण आरशाच्या वरच्या कडेला धुळीची रेघ होती, जी उभ्या माणसाला कधीच दिसायची नाही. न्हाणीघरातला साबण कोरा, त्याच्या कडा बोटाला लागत होत्या. सकाळी मी हे पोराला सांगितलं. त्यानं लगेच फोनमध्ये टिपून घेतलं आणि विचारलं, आजी, हे तू कुठं शिकलीस? मी तुमच्याबद्दल सांगितलं. अर्धी गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी तुमच्याखेरीज कुणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून हा कागद घेऊन बसले आहे.

मी बंगल्यावर आले तेव्हा तुम्हाला मी नकोच असणार. आपला भाग हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्यानंतरचं ते पहिलं की दुसरं वर्ष. फाटकावरची उर्दू पाटी काढून मराठी पाटी लागली होती आणि मोटारींतून उतरणारी माणसं बदलली होती. आधी तालुकदार, नवाबांचे सोयरे, हैदराबाद-सोलापूर करणारे गोरे इंजिनियर यायचे. त्यांच्यासाठी तुमचा कुर्मा आणि बगारा भात होता. आता पुण्याकडचे साहेब यायला लागले. त्यातले बरेच जण मटण खात नव्हते आणि काही जण तुमच्या हातचं पाणीही घेत नव्हते. मग बांधकाम खात्यानं ठरवलं की एक ब्राह्मण स्वयंपाकीण ठेवायची. मी तुळजापूरच्या उपाध्यायाची पोर, नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरात वहिनीच्या तोंडाकडं बघत राहणारी. ओळखीच्या कारकुनानं शब्द टाकला आणि मला बंगल्याच्या मागच्या पडवीत वेगळी चूल मिळाली, शेजारची लहान खोली राहायला मिळाली. भावानं बजावून पाठवलं होतं की वागण्यात काही कमीजास्त ऐकू आलं तर परत उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही.

आल्या आल्या मी काय केलं हे तुम्ही विसरला नसाल. तुमच्या मुदपाकखान्यात आणि माझ्या चुलीत एकच दार होतं. त्या दारात मी राखेची रेघ ओढली. तुम्ही ती पाहिलीत. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं रेघ पुसली गेली, तर तुम्ही उंबऱ्यापलीकडून म्हणालात, "बाई, तुमची रेघ उडाली. पुन्हा वढून घ्या, न्हायतर मी चुकून आत यायचा." मी लाजेनं मेले, पण रेघ ओढलीच. आज ते आठवून स्वतःला दोन थपडा माराव्याशा वाटतात. तुमच्या हातचा घास मी कधीच खाल्ला नाही, चाचा. चार वर्षं शेजारी रांधलं, तुमच्या पुलावाचा नुसता वास घेतला. तुम्हीही कधी माझ्या भांड्यातली चव पाहिली नाही. दारात उभं राहून नाक वर करायचात आणि म्हणायचात, येसर मसाला जरा जास्त झालाय, पुण्याच्या साहेबाचे डोळे पाण्यानं भरतील. एकदा मी मीठ विसरले होते तेही तुम्ही वासावरून ओळखलंत. ते कसं, हे मला अजून कळलेलं नाही. मला वाटतं तुम्ही माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असेल.

आणि माझी जागा कायम झाली तर तुमची जाणार हे दोघांनाही ठाऊक असताना तुम्ही मला सगळं शिकवलंत, तेही त्या उंबऱ्यावर बसून. पाहुणा उतरला की आधी त्याचे जोडे बघायचे. काळी माती असेल तर कच्च्या वाटेनं आलाय, हाडं खिळखिळी झालीत, त्याला आधी बसू द्यायचं. पांढरी धूळ असेल तर सडकेनं आलाय, त्याला चहा लगेच चालेल. पाणी द्यायचं आणि गप्प राहायचं. मी सुरुवातीला पाहुण्यापुढं उभी राहून प्रश्नांचा मारा करायचे, जेवायला काय करू, भात की पोळी, तिखट चालतं का. एका साहेबानं वैतागून हात हलवला, तेव्हा तुम्ही मला मागं बोलावून जी कानउघाडणी केलीत ती मी पुढं हाताखालच्या पन्नास पोरींना जशीच्या तशी ऐकवली आहे. "मेहमान थकून येतंय. त्याला इचार करायला लावू नका. इचार आपण करायचा, त्यानं फकस्त बसायचं." ड्रायव्हरला आधी जेवू घालायचं, आणि साहेबाच्या ताटात जे असेल तेच. एकतर तो रात्रंदिवस त्या साहेबाचा जीव हातात घेऊन फिरतो, आणि दुसरं म्हणजे साहेबाला काय आवडतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. नवा साबण तुम्ही आधी पाण्यात धरून हातानं चोळायचात, कडा मऊ होईपर्यंत. तुमच्या तळव्याला तो वास कायम असायचा, कांद्याच्या वासात मिसळलेला.

पण सगळ्यात मोठा नियम पलंगाचा होता. खोली तयार झाली की पाहुण्याच्या आधी आपण त्या पलंगावर निजून बघायचं. साहेब समोर असताना तुम्ही तीस वर्षांत खुर्चीला पाठ टेकवली नसेल, पण साहेब यायच्या आधी जोडे काढून, टोपी छातीवर ठेवून, त्याच्या गादीवर पाच मिनिटं पडून राहायचात. पडल्यावर दिसतं, म्हणायचात. कोळ्याचं जाळं, छताची गळकी जागा, डोळ्यावर येणारी खिडकीची तिरीप, कुरकुरणारी बाज. हैदराबादला कुण्या बड्या दिवाणखान्यात तुमच्या उस्तादांनी तुम्हाला हे शिकवलं होतं. खात्याच्या कुठल्या कागदावर हा नियम नव्हता, आणि बाहेरच्या माणसाला तो सांगितला असता तर त्याला तो निव्वळ उद्धटपणा वाटला असता.

दुसरी आठवण शेऱ्यांच्या वहीची. दिवाणखान्यात तिवईवर ती जाडजूड वही असायची, पाहुणा जाताना त्यात दोन ओळी लिहायचा. जुनी पानं उर्दूत आणि इंग्रजीत होती. उर्दू तुम्ही स्वतः वाचायचात, इंग्रजी कुणाकडून तरी समजून घेऊन पाठ करून ठेवलं होतंत. नवी पानं मराठीत यायला लागली आणि तुम्ही अडलात. मला माझ्या वडिलांनी घरीच लिहायला वाचायला शिकवलं होतं. त्यामुळं पाहुण्याची मोटार फाटकाबाहेर गेली की तुम्ही वही आणून उंबऱ्यावर ठेवायचात आणि मी वाचायचे. "व्यवस्था उत्तम. आमटी चविष्ट." हे वाचलं की तुम्ही माझ्याकडं बघून मान हलवायचात, माझ्या आमटीचं श्रेय मला. एकदा कुणीतरी लिहिलं होतं की चहा गार होता. मी ते गाळून पुढं जायला लागले तर तुम्ही म्हणालात, थांबा, डोळे कुठं अडकले तुमचे? वाचा ते. माझ्या तोंडून ऐकून तुम्ही दुसऱ्या दिवसापासून कप आधी गरम पाण्यात बुडवायला लागलात. शेरा कडू असला तरी पुरा ऐकायचा, असं तुम्ही मला तेव्हा बजावलंत.

मग तो वैशाख आला. खात्याला एका बंगल्यावर दोन चुली परवडत नव्हत्या. एक मोठे साहेब येऊन दोन दिवस राहणार, सगळं बघणार आणि कुणाला ठेवायचं ते ठरवणार, असं कारकून सांगून गेला. तो गेल्यावर मी चुलीपुढं बसून रडले. मला भावाच्या घरी जायचं नव्हतं, दुसरीकडं कुठं जावं हे सुचत नव्हतं. तुमचीही सगळी हयात त्या बंगल्यावर गेली होती. तुम्ही उंबऱ्यावर आलात आणि म्हणालात, "साहेब ठरवंल ते ठरवंल. मधली खोली तुमी लावायची. साहेबासंगं बाईसाहेब येणारेत. बाईमाणसाच्या नजरंला काय खुपतं ते मला कुठं कळतंय? पलंगावर बी तुमीच पडून बघा." तोपर्यंत पलंग तुम्ही कधी कुणाला दिला नव्हता. चार वर्षं भाकरी थापून मला जेवढा अभिमान वाटला नसेल तेवढा त्या क्षणी वाटला.

मी पहाटेपासून राबत होते. पुरण वाटलं, पितळ घासलं, दारा-खिडक्यांना वाळ्याच्या टट्ट्या लावून त्यावर घागरीनं पाणी मारलं. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं आणि मधल्या खोलीत वाळ्याचा गार वास भरला होता. साहेब तुळजापुरात दर्शन घेऊन उन्हं उतरल्यावर येणार होते. मी चादर ताणली, उशी थोपटली, आणि तुमच्यासारखी उताणी पडून छत बघायला लागले. अशी गादी माझ्या पाठीला त्याआधी कधी लागली नव्हती. एक कोपरा बघितला, दुसरा बघितला. तिसरा कोपरा बघितल्याचं मला आठवत नाही.

मंगळवार, देवीचा वार होता हे आपण दोघंही विसरलो होतो. देवळात गर्दी बघून बाईसाहेबांनी दर्शन उद्यावर टाकलं आणि जीप भर दुपारी फाटकात शिरली. तुम्ही दार उघडून आत आला नाहीत, बाईमाणूस निजलेल्या खोलीत तुम्ही पाऊल टाकलं नसतंत. दाराबाहेर तुम्ही पितळी तबक फरशीवर आपटलंत. मी दचकून उठले आणि न्हाणीघराच्या मागच्या दारानं बाहेर पळाले. चादर चुरगळलेली राहिली, उशीवर डोक्याचा खड्डा राहिला आणि त्या खड्ड्यात खोबरेल तेलाचा डाग.

पडवीतून मला सगळं ऐकू येत होतं. बाईसाहेब म्हणाल्या, इथं कुणीतरी झोपलं होतं. साहेबांचा आवाज चढला. आणि तुम्ही, अगदी शांतपणे, चहाला दूध किती म्हणून सांगावं तसं म्हणालात, "मी पडलो हुतो, हुजूर. वय झालं. डोळा लागला." चाचा, तुमच्या डोक्यावर मोजून चार केस, त्यांना खोबरेल तेल कसलं! साहेबांनी टोपी काढायला सांगितली असती तर तुमचं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही पलंगाचा नियम समजावून सांगायचा प्रयत्नही केला नाहीत, कारण नियम सांगितला असता तर पुढचा प्रश्न कुणी तो पाळला हा आला असता. टाकलेली बाई साहेबाच्या पलंगावर सापडली, एवढे चार शब्द तुळजापुरात पोचले असते तर मला विहीर जवळ करावी लागली असती. हे तुम्ही तबक आपटायच्या आधीच ओळखलं असणार.

साहेब दोन दिवस राहिले. त्या दोन दिवसांत तुम्ही त्यांची जी बडदास्त ठेवलीत तशी मी नंतर कुठं पाहिली नाही. ज्या माणसानं तुम्हाला सगळ्यांसमोर नालायक म्हटलं, त्याच्या जोड्यांवरची धूळ बघून तुम्ही त्याच्यासाठी पाय शेकायला गरम पाणी नेलंत. मी विचारलं, कशाला करता एवढं? तुम्ही म्हणालात, राग त्याचा आहे, मेहमान आपला आहे. महिन्याभरानं तुम्ही लेकीकडं गुलबर्ग्याला गेलात. जायच्या दिवसापर्यंत उंबऱ्यावर बसून मला शिकवत राहिलात, कंदिलाची काच कशी पुसायची, मच्छरदाणी कुठून खोचायची, नवाबाच्या घरचा माणूस आला तर पान कुठल्या हातानं पुढं करायचं. मी पुढं बावीस वर्षं तो बंगला सांभाळला. तिथून सोलापूरला एका मोठ्या लॉजवर पोरींना शिकवायला गेले. लोक म्हणायचे बाईंच्या हाताखालची पोरगी कुठंही खपते. हे सगळं तुमचं, मी फक्त तुमच्या नियमांना लुगडं नेसवलं. ज्यानं माझी जागा घ्यायची त्याला आपलं कसब देऊन टाकावं, एवढं मोठं मन मला नाही, आणि ते कुठून आणावं हेही मला कळत नाही. तुम्ही वारल्याची बातमी कारकुनानं आणली तेव्हा मी पंचवीस जणांचा स्वयंपाक करत होते. हात थांबवला नाही, पण त्या दिवशी मीठ कशात पडलं आणि कशात नाही हे मला सांगता आलं नसतं.

आता राहिलेली अर्धी. तुम्ही पत्र उर्दूतच वाचू शकत होता आणि मला उर्दू येत नव्हतं. मी मराठीत लिहिलं असतं तर तुमच्या जावयानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं असतं, म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. पण हेही पत्र मी टपालात टाकणार नाही. आता वाचून दाखवणारा कुणी उरला नाही, तेव्हा ते कारणही खरं नसणार.

साहेब गेले त्या सकाळी तुम्ही नेहमीसारखी वही आणून उंबऱ्यावर ठेवलीत. मी वाचलं. "खानसामा पाहुण्याच्या पलंगावर झोपलेला आढळला. वय झाले आहे. यापुढे एकाच इसमाची गरज असून स्वयंपाकीणबाईंना ठेवावे." तुम्ही ऐकलंत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "चला. तुमची चूल ऱ्हायली." मग माझ्याकडं बघून विचारलंत, "एवढंच?" मी म्हणाले, एवढंच.

मधे एक वाक्य होतं, चाचा. तुम्ही चहा करायला गेला होतात तेव्हा साहेबांनी मला व्हरांड्यात बोलावून सरळ विचारलं होतं. तुम्हाला वाटत राहिलं की मला कुणी काही विचारलंच नाही, मला खोटं बोलावं लागू नये एवढी सोय तुम्ही केली आहे. त्यांनी विचारलं, आणि मी मान वर करून हो म्हणाले. ते वाक्य असं होतं: "चौकशी करता बाईंनीही खानसामाच झोपला होता असे सांगितले."